गेनबांच्या तीन रेघा

वारज्याच्या गावठाणात कोणाच्याही स्वयंपाकघरात जा आणि लाटणं हातात घेऊन बघा. मुठीपाशी तीन बारीक रेघा असतात: तांबडी, हिरवी आणि पिवळी. हा ब्रशनं लावलेला रंग नाही. लाकूड लेथवर गरगर फिरत असताना गेनबा त्याला लाखेची कांडी टेकवतात, लाख तापून वितळते आणि लाकडात जाऊन बसते. वरून केवड्याचं पान धरलं की चकाकी येते. वीस वर्षं घासली तरी रेघ जात नाही. गेनबांच्या दुकानाला पाटी नाही, त्यांच्याकडे कार्ड नाही. तीन रेघा हाच पत्ता.

गेनबा चौसष्ट वर्षांचे. घराण्यात कोणी लाकडाला हात लावलेला नाही, सगळे शेतकरी. शेतातून हायवे गेला तेव्हा भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, गेनबांनी लेथ घेतला. एका म्हाताऱ्या काताऱ्याकडे तीन वर्षं शिकले. तो मरताना म्हणाला होता म्हणे, रेघेशिवाय माल बाहेर काढू नकोस. शेताच्या राहिलेल्या तुकड्यावर तीन मजली बिल्डिंग उभी राहिली. वर भाडेकरू, खाली जिन्याला लागून लेथ.

दुसऱ्या मजल्यावर मी. मी वर्ध्याची. खराडीच्या एका कंपनीत यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढते. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असतं, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणं परवडतं. गेनबांना मी आमच्याकडच्या सवयीनं काकाजी म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून दुसरं कोणी आलंय का ते पाहिलं होतं.

बिल्डिंगची खरी मालकी मथुराबाईंची, म्हणजे काकूंची. जिन्यात एक काळा फळा आहे, त्यावर त्यांनी खडूनं तीन नियम लिहिले आहेत. पाणी जपून वापरणे. चपला रांगेत ठेवणे. मुलींकडे पुरुष पाहुणा आल्यास जिन्यात बसवून बोलणे. माझा मित्र गंधार दीड वर्ष सातव्या पायरीवर बसून माझ्याशी बोलतो आहे. लेथच्या भुशामुळे त्याला शिंका येतात आणि शिंक आली की काकू आतून विचारतात, "गेला का तो?"

दिवाळीनंतर एके दिवशी दुपारी पंचेचाळिशीच्या एक बाई लेथसमोर येऊन उभ्या राहिल्या. अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक लाटणं काढलं. तीन रेघांचं.

"तुम्हीच का गेनबा? तुळशीबागेतल्या दुकानदारानं पत्ता दिला. हे लाटणं एकोणीस वर्षं वापरतेय, वाकलं नाही."

"वाकायचं न्हाईच," गेनबा म्हणाले.

"माझं नाव आम्रपाली. बुधवार पेठेत राहते, सेक्स वर्कर आहे. आधीच सांगते, म्हणजे चहा विचारायचा का नाही ते तुम्हाला ठरवता येईल."

गेनबांनी पटाशी खाली ठेवली. "चहाचं आमच्यात मथुरा ठरवते. तुम्ही काम सांगा."

काम असं होतं. आम्रपालीताईंची त्यांच्यासारख्याच बायकांनी चालवलेली संस्था आहे. गल्लीत नवीन आलेल्या बाईला कंडोम कसा वापरायचा, गिऱ्हाइकाला काय सांगायचं, कशाला नाही म्हणायचं, हे सगळं त्या शिकवतात. शिकवायला नमुना लागतो. बाहेरून आलेले प्लॅस्टिकचे नमुने वर्षभरात चिरले. मग केळी आणून पाहिली.

"केळ्याचा त्रास काय," आम्रपालीताई म्हणाल्या, "शिकवून झालं की बायका ते खाऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी परत नवी केळी. म्हटलं, लाकडाचे करून घ्यावेत. चाळीस पाहिजेत."

गेनबांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि भिंतीला विचारलं, "माप?"

"लांबी सहा इंच."

"जाडी?"

"दीड. आणि खाली बैठक पाहिजे, टेबलावर ठेवला की उभा राहिला पाहिजे."

"आन् वरचं टोक?"

यावर ताईंनी हातानं दाखवायला सुरुवात केली, पण गेनबा भिंतीकडेच बघत असल्यामुळे उपयोग होईना. शेवटी त्यांनी जिन्यात तोंड घालून हाक मारली, "उत्कर्षा, खाली ये. ड्रॉइंग काढायचं हाय." मी लॅपटॉप घेऊन खाली आले, तर काकाजी म्हणाले, "ह्या ताई सांगतील. मी जरा पाणी पिऊन येतो." ते वीस मिनिटं पाणी पीत होते.

मी तिन्ही बाजूंनी ड्रॉइंग काढलं. सवयीनं विचारलं, "टॉलरन्स किती ठेवू? म्हणजे मापात किती फरक चालेल?"

ताई हसल्या. "देवानं तर काही धरबंद ठेवलेला नाही गं. पण शिकवायला आपले सगळे एकसारखे दे."

गेनबांनी हळदूचं लाकूड निवडलं, ते अंगानं गुळगुळीत होतं म्हणून. काकूंनी विचारलं, हे काय चाललंय. गेनबा म्हणाले, खुंट्या.

"चाळीस?"

"मुळशीकडं रिसॉर्ट हाय कुणाचं तरी."

काकूंनी भजनी मंडळात सांगून टाकलं की मुळशीचं अख्खं रिसॉर्ट आमच्या ह्यांच्या खुंट्यांवर टॉवेल टांगणार आहे.

पहिले पाच नमुने गेनबांनी रेघांशिवाय केले. मुद्दामच. ते खिडकीत फडक्याखाली ठेवले होते. दोन दिवस ते येता-जाता फडकं उचलून बघायचे आणि परत झाकायचे. जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "रेघ न्हाई तर उघडं-उघडं वाटतंय."

मी म्हटलं, "काकाजी, ते उघडंच असतं."

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी पाचही परत लेथवर चढवले आणि बैठकीपाशी तीन रेघा ओढल्या. तांबडी, हिरवी, सगळ्यात खाली पिवळी. उरलेल्या पस्तिसांवरही.

न्यायला आल्या तेव्हा आम्रपालीताईंनी एक उचलून फिरवून पाहिला. "ह्या रेघा कशाला?"

"माझा माल हाय. कुणी केला ते कळाय नको?"

"कळायला पाहिजे का तुम्हाला? नीट विचार करा."

गेनबांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "हात फिरवून बघा. कुठं खरखर हाय? कुठं बैठक डुगडुगती? न्हाई ना. मंग नाव लपवायसारखं काय झालं?"

ताई नमुने मोजून पिशवीत भरताना एकदम म्हणाल्या, "पिवळी रेघ बरी पडेल. शिकवताना सांगता येईल, पिवळ्या रेघेपर्यंत उलगडायचं म्हणून."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जवळच्याच एका कॉलेजात आरोग्य मेळावा झाला. तिथं ताईंच्या संस्थेचा स्टॉल होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला: आम्रपालीताई हसताहेत आणि दोन्ही हातांत एकेक नमुना. फोटो रंगीत होता. छपाई चांगली होती. तांबडी, हिरवी, पिवळी.

सकाळी साडेनऊला वेणूबाई आल्या. वेणूबाई भजनी मंडळाच्या प्रमुख, गावठाणात त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या हातात त्याच पेपरात गुंडाळलेलं लाटणं होतं.

"हे परत घ्या."

गेनबांनी कागद सोडला. "वेणूबाई, हे अकरा वर्षं वापरलंय तुम्ही."

"म्हणूनच आणलंय. ज्या लेथवर तसलं बनतं, त्या लेथवरचं माझ्या पोळीला लागाय नको."

"अकरा वर्षांपूर्वी लेथवर तसलं काय नव्हतं."

"लेथ तोच हाय ना?"

"लेथ तोच. हातबी तोच," गेनबा म्हणाले आणि लाटणं निरखून बघायला लागले. "मुठीला तेल लावत न्हाई तुम्ही."

संध्याकाळपर्यंत चौदा लाटणी परत आली. एका घरातून पाळण्याची कांब आली, तीही काढून. काकू दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. शेवटचं लाटणं आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "खुंट्या."

मग आठ दिवस त्या गेनबांशी बोलल्या नाहीत. घरातलं लाटणंही त्यांनी माळ्यावर टाकलं आणि सरबताच्या काचेच्या बाटलीनं पोळ्या लाटल्या. त्या पोळ्या पाहून मला भूगोलाचं पुस्तक आठवायचं. गेनबा निमूट खायचे. एकदा त्यांना ताटातल्या पोळीची जाडी अंगठ्यानं मोजताना मी पाहिलं.

काकूंच्या रागाचं मूळ वेगळं होतं. संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यांचं हळदीकुंकू. गावठाणात चाळीस वर्षं ते सगळ्यात मोठं. यंदा वाण म्हणून त्यांनी गेनबांकडून एक्कावन्न छोटी शिसवी लाटणी करून घेतली होती, पापडाची. ती तीन रेघांसकट पेटीत भरून तयार होती. आणि वेणूबाईंनी मंडळात सांगितलं होतं की मथुराच्या दारात यंदा कोणी जायचं नाही. एक्कावन्न लाटणी आणि घ्यायला एकही बाई नाही, हे चित्र काकूंना उठता-बसता दिसत होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं. "मला त्या बाईला बघायचंय. चल."

संस्थेचं ऑफिस बुधवार पेठेत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा वर्ग चालू होता. दहा-बारा बायका सतरंजीवर बसल्या होत्या, त्यातली एक मेथी निवडत होती. "पिवळ्या रेघेपर्यंत," आम्रपालीताई सांगत होत्या. "मधेच सोडायचं नाही. गिऱ्हाईक घाई करतं, आपण करायची नाही. आणि नको म्हटल्यावर जो ऐकत नाही, त्याचा चेहरा सगळ्यांना सांगून ठेवायचा."

काकूंनी पुढे होऊन एक नमुना उचलला. काकूंनी त्यावरून अंगठा फिरवला, बैठक तपासली, खाली ठेवला.

"काम चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "पण माझं हळदीकुंकू बुडालं."

ताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. मी ओळख करून दिली. काकू बसल्या आणि त्यांनी थेट विचारलं, "तुम्ही हे सोडून दुसरं काय का करत न्हाई?"

"केलं ना. चार घरी भांडी घासली. त्यातल्या दोन घरी मालकानं हात धरला. इथं माझ्या खोलीत कोण येणार ते मी ठरवते आणि नाही म्हटलं की नाही. नाही ऐकलं तर ह्या सगळ्या आहेत." ताईंनी बायकांकडे हात केला. मेथीवाली म्हणाली, "आहोत की."

"म्हणजे हौसेनं करता?"

"काकू, तुम्ही बेचाळीस वर्षं पोळ्या हौसेनं लाटताय का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं बेचाळीस?"

"तुमच्या मालकांनी. मी नमुने न्यायला आले होते तेव्हा सारखं तुमचंच चाललं होतं. मथुराला हे लाकूड आवडतं, मथुराला ते आवडत नाही."

काकू जरा सावरून बसल्या. मग मला म्हणाल्या, "तू खाली जा गं. मंडईतून फुलं घेऊन ये."

मी फुलं घेऊन अर्ध्या तासानं आले तर दार आतून लावलेलं. आत हसणं चालू होतं, त्यात काकूंचाही आवाज होता. आणखी अर्ध्या तासानं दार उघडलं. काकूंचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यांनी दोन कप चहा घेतला होता.

बस कर्वे रस्त्याला लागली. काकू म्हणाल्या, "तीन बाळंतपणं झाली माझी. त्या बाईनं तासाभरात जे सांगितलं ते मला आईनं सांगितलं न्हाई, सासूनं न्हाई, डॉक्टरणीनं न्हाई. मला वाटायचं बाईनं डोळं मिटून घ्यायचं आन् पाणी भरायचं राहिलंय का ते आठवायचं."

"काय सांगितलं ताईंनी?"

"तुझं लग्न झालंय का?"

"नाही."

"मंग तर तुला आधी सांगाय पायजे."

आणि त्यांनी सांगितलं, बसमध्ये, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. बाईलाही हवं-नको असतं आणि ते तोंडानं सांगायचं असतं, इथपासून सुरुवात केली. कंडक्टर आमच्या सीटपाशी येऊन उभा होता, तो तिकीट विचारायचं विसरला. पुढच्या सीटवरच्या आजीबाई त्यांच्या स्टॉपवर उतरल्या नाहीत.

घरी आल्यावर काकूंनी बाटली धुऊन फडताळात ठेवली आणि माळ्यावरून लाटणं काढलं. गेनबा बघत होते.

"बेचाळीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "तुम्हाला तरी यातलं काय ठावं होतं का?"

"मला मापं ठावी होती," गेनबा म्हणाले.

"पुढच्या टायमाला खुंट्या म्हनायचं न्हाई. जे हाय ते म्हनायचं."

"बरं."

रविवारी चार वाजता हळदीकुंकू. दारात रांगोळी, पाटावर एक्कावन्न लाटणी. साडेचार झाले, कोणी आलं नाही. समोरच्या घरांच्या खिडक्या मात्र सगळ्या उघड्या होत्या. गेनबांनी लेथ बंद ठेवला होता आणि भुसा झाडत होते. झाडून झालेला भुसा परत झाडत होते.

पावणेपाचला दोन रिक्षा थांबल्या. आम्रपालीताई आणि आणखी पाच जणी उतरल्या. काठापदराच्या साड्या, केसात गजरे, हातात तिळगुळाचा डबा. काकूंनी बोलावलं होतं.

उंबऱ्याबाहेर ताई थांबल्या. "आधी विचारते. माझं लग्न झालेलं नाही. कुंकू चालतं का?"

काकूंनी करंडा उघडला. "कुंकवाला कपाळ लागतं. पुढं या."

सहा जणींना हळदीकुंकू झालं, वाण दिलं. पंचेचाळीस लाटणी उरली. एवढ्यात वेणूबाईंची सून रुपाली आली. तिचं लग्न गेल्या मे महिन्यातलं. तिच्या हातात वाटी होती. "काकू, ही तुमची वाटी आमच्याकडे राहिली होती." ती वाटी काकूंची नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी ती घेतली.

रुपाली आम्रपालीताईंच्या शेजारी टेकली. "ताई, एक जनरल क्वेश्चन होता. माझ्या मैत्रिणीचा आहे. ॲक्चुअली तिला सांगता येत नाही नवऱ्याला, म्हणजे, की जरा स्लो."

"मैत्रिणीला सांग, हात धरून सांगायचं," ताई म्हणाल्या. "आणि लाजायचं नाही. तो काही मनातलं ओळखणार नाही, त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं."

पाच मिनिटांत समोरच्या दोघी आल्या, वाटी न घेता. मग चौघी. मग मी मोजायचं सोडलं. ज्या चौदा जणींनी लाटणी परत केली होती त्यातल्या अकरा तर होत्याच. आणि प्रत्येकीला एकेक मैत्रीण होती. एकीच्या मैत्रिणीला तीन मुलं झाल्यावर पुरे वाटत होतं आणि नवऱ्याला ते सांगायचं होतं. एकीच्या मैत्रिणीला पुरे अजिबात वाटत नव्हतं आणि ती साठीची होती. आम्रपालीताईंसह सहाही जणी खोलीच्या सहा कोपऱ्यांत विखुरल्या होत्या, आणि खोलीला कोपरे चारच असल्यामुळे दोघी स्वयंपाकघरात होत्या. गेनबा बाहेर लेथपाशी पाठ करून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

साडेपाचला वेणूबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "रुपाली, घरी चल."

"पाच मिनिटं, आई."

"वेणूताई, उन्हाच्या आलात," काकू म्हणाल्या. "बसा. कुंकू नको तर पाणी घ्या."

वेणूबाई पाण्यापुरत्या बसल्या. नेमकी जागा आम्रपालीताईंच्या समोर होती. त्यांनी पाणी प्यायला फार वेळ लावला. खोलीत कुजबुज चालूच होती. भांडं रिकामं झालं तरी त्या ते ओठाला लावून बसल्या होत्या. मग त्यांनी भांडं खाली ठेवलं, सुनेकडे एकदा पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझी एक मैत्रीण हाय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"बोला की," आम्रपालीताई म्हणाल्या.

"इथं न्हाई," वेणूबाई म्हणाल्या आणि ताईंना घेऊन गॅलरीत गेल्या. वीस मिनिटं. काय बोलणं झालं ते ताईंनी कोणालाच सांगितलं नाही, काकूंनासुद्धा. गुपित राखण्यात त्या आमच्या कंपनीपेक्षा पक्क्या आहेत.

आत आल्यावर वेणूबाईंनी कपाळ पुढे केलं. काकूंनी हळद लावली, कुंकू लावलं, पापडाचं लाटणं पुढे केलं. वेणूबाईंनी ते घेतलं, पण उठेनात.

"आन् माझं मोठं?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं हाताला बसलंय. दुकानातलं आणलं नवीन, पोळी सरकतच न्हाई."

गेनबांनी बाहेरून ते आणून दिलं. फडक्यात गुंडाळलेलं होतं. मुठीला त्यांनी तेल लावून ठेवलं होतं.

पाटावर शेवटी तीन लाटणी उरली. त्यातलं एक काकूंनी मला दिलं आणि जिन्यात जाऊन ओल्या फडक्यानं फळ्यावरची तिसरी ओळ पुसली. सातव्या पायरीवर गंधार बसला होता. एवढ्या बायका पाहून त्याला वर यावं का पळून जावं ते ठरवता येत नव्हतं.

"इथं बसून जिना अडवू नको," काकू त्याला म्हणाल्या. "वर जा. पण ती न्हाई म्हनली तर न्हाई. आन् पिवळ्या रेघेपर्यंत."

गंधारला शिंक आली. "कसली पिवळी रेघ?" त्यानं मला विचारलं.

मागे लेथ सुरू झाला होता. ताईंनी आणखी साठ सांगितले होते आणि गेनबा या वेळी तोंड भिंतीकडे न करता माप लिहून घेत होते.